तबकडी कधी येणार?

१

११ फेब्रुवारी १९६३. लंडन, अ‍ॅबी रोडवरचा स्टुडिओ. बीटल्सनी एका दिवसात दहा गाणी रेकॉर्ड केली. लेननला सर्दी झालेली, घसा बसत चाललेला. म्हणून सगळ्यात जास्त ओरडायचं गाणं शेवटी ठेवलं. 'प्लीज प्लीज मी' हा अल्बम २२ मार्चला दुकानात. एकोणचाळीस दिवस.

२

गन्स एन' रोझेस, 'चायनीज डेमोक्रसी'. स्वतःच्या नव्या गाण्यांचे आधीचे अल्बम १९९१ चे. हा आला २३ नोव्हेंबर २००८ ला. मधल्या काळात गायक अ‍ॅक्सल रोझ आणि कीबोर्डवाला डिझी रीड सोडले तर सगळा बँड बदलला. खर्च १ कोटी ३० लाख डॉलरवर गेल्याचं 'न्यूयॉर्क टाइम्स'ने २००५ मध्येच छापलं होतं.

डॉ. पेपर या शीतपेयवाल्यांनी जाहीर केलं की २००८ मध्ये हा अल्बम आलाच, तर अमेरिकेतल्या प्रत्येकाला एक कॅन फुकट. बँड सोडून गेलेले दोन गिटारवाले तेवढे वगळून. अल्बम आला. कूपनासाठी लोक कंपनीच्या वेबसाइटवर तुटून पडले, वेबसाइट बसली. मग बँडच्या वकिलांनी कंपनीला पत्र धाडलं.

अल्बमातल्या गाण्यांबद्दल बोलायला बसावं, तर अजूनही आधी कॅनचा किस्सा निघतो.

३

मुंबईचा बँड इंडस क्रीड, मूळचा रॉक मशीन. एक अल्बम १९९५ चा, त्यानंतरचा 'इव्हॉल्व्ह' २०१२ चा. इथेही सतरा वर्षंच. आपल्याकडे कुणी साधं कोकम सरबतही कबूल केलं नव्हतं.

४

१० जुलै २०१५ पासून जगभर नवे अल्बम शुक्रवारी येतात. त्याआधी अमेरिकेत मंगळवार, ब्रिटनमध्ये सोमवार, जर्मनीत शुक्रवार. एकाच अल्बमचे तीन देशांत तीन वार. इंटरनेट आल्यावर हे चालेना. एका देशात सकाळी दुकान उघडलं की दुसऱ्या देशात दुपारपर्यंत गाणी फुकटात ऐकून झालेली. म्हणून सगळ्यांनी मिळून एक वार ठरवला. आपल्या सिनेमावाल्यांनी तो कधीच धरला होता.

कॅसेटच्या काळात आपल्याकडे वार नसायचाच. वर्ष असायचं. परदेशातला अल्बम 'यंदा' आला किंवा 'यंदाही' नाही.

५

सी-९० कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची. पिंक फ्लॉइडचा 'द डार्क साइड ऑफ द मून' जेमतेम त्रेचाळीस मिनिटांचा. म्हणजे दोन मिनिटं रिकामी. कॅसेट भरून देणारा दुकानदार रिकामी फीत ठेवणं पाप समजायचा. त्यामुळे ओळखीच्या कितीतरी जणांकडे हा अल्बम असा संपतो: शेवटचे हृदयाचे ठोके, क्षणभर खरखर, आणि बोनी एमचं अर्धं गाणं.

आता मूळ रेकॉर्ड ऐकताना ठोके थांबल्यावर पुढे काहीच होत नाही. चुकल्याचुकल्यासारखं वाटतं.

६

बोनी एममध्ये पुढे उभा राहून नाचायचा तो बॉबी फॅरेल. रेकॉर्डवरचा पुरुषी आवाज निर्माता फ्रँक फारियानचा. भारतात ही गोष्ट कळूनही कुणाचं काही बिघडलं नाही. पडद्यावर एक आणि आवाज दुसऱ्याचा, याची आपल्याला लहानपणापासून सवय.

याच फारियानने पुढे मिली व्हॅनिली ही जोडी काढली. ती दोघंही नुसते ओठ हलवायची. १९९० च्या फेब्रुवारीत ग्रॅमी मिळालं, नोव्हेंबरात काढून घेतलं.

७

जानेवारी १९६८, मुंबई. फोर्टात फिरोजशहा मेहता रोडवरच्या युनिव्हर्सल इन्शुरन्स इमारतीत एचएमव्हीचा स्टुडिओ होता. तिथे जॉर्ज हॅरिसन आला, 'वंडरवॉल' या चित्रपटाचं संगीत करायला. वादकांत आशिष खाँ, शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया, महापुरुष मिश्र. दोन ट्रॅकचं स्टीरिओ यंत्र मुंबईत नव्हतं; कंपनीचे भास्कर मेनन ते कलकत्त्याहून घेऊन आले. खालच्या रस्त्यावरची रहदारी माइकात शिरायची. शहरातल्या कुठल्याही रेकॉर्डिस्टची हीच तक्रार. फरक इतकाच की या वेळी ती बीटलने ऐकली.

चित्रपटाचं काम उरकून उरलेल्या वेळात आणखी एका गाण्याचा वाद्यमेळ टेप करून घेतला. शब्द लाओत्झूच्या ग्रंथावरून बेतलेले. त्यावर आवाज लंडनला चढला. हे 'द इनर लाइट'. मार्चमध्ये 'लेडी मॅडोना'च्या मागच्या बाजूला आलं. बीटल्सच्या सिंगलवर हॅरिसनचं गाणं आलं ते इथे पहिल्यांदा. चिनी तत्त्वज्ञान, फोर्टातली बासरी, लिव्हरपूलचा गळा, आणि पुढच्या बाजूला पियानो बडवणारा मॅकार्टनी.

सगळे पुढचीच बाजू लावतात. मी उलटून लावतो.

८

भास्कर मेनन. जन्म त्रिवेंद्रमचा, शिक्षण डून स्कूल, सेंट स्टीफन्स आणि ऑक्सफर्ड. १९७१ मध्ये अमेरिकेतल्या कॅपिटॉल रेकॉर्ड्सचे प्रमुख झाले. पिंक फ्लॉइडची तिकडे विक्री बेताची होती, आणि बँडने अमेरिकेपुरतं दुसऱ्या कंपनीशी सूत जमवलं होतं. म्हणजे मेनन यांच्या हातात या बँडचा हा शेवटचा अल्बम. दुसऱ्या कुणी तो हात झटकून बाजारात टाकला असता. मेनन यांनी त्याच्या जाहिरातीवर सगळा जोर लावला. 'डार्क साइड' मार्च १९७३ मध्ये आला आणि १९८८ पर्यंत बिलबोर्डच्या यादीत ७४१ आठवडे राहिला.

आपल्या वर्तमानपत्रांनी परदेशातल्या भारतीयांच्या यशाची एकही संधी सोडली नाही म्हणतात. ही कशी सुटली?

९

याच अल्बमात एक गाणं शब्दांविना आहे, नुसता बाईचा आवाज. क्लेअर टोरी. रविवारी संध्याकाळी बोलावलं, दीडदोन तासांत गाऊन गेली. रविवार म्हणून दुप्पट दराने ३० पौंड. २००४ मध्ये तिने दावा लावला, २००५ मध्ये तडजोड झाली. तेव्हापासून त्या गाण्याच्या कर्त्यांत तिचंही नाव छापतात.

बत्तीस वर्षं.

१०

ऑक्टोबर १९७२, पुन्हा मुंबई. लेड झेपेलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट. इथल्या वादकांना घेऊन आपलीच दोन जुनी गाणी त्यांनी नव्याने रेकॉर्ड करून पाहिली: 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स'. संध्याकाळी कुलाब्याच्या 'स्लिप डिस्क' या क्लबात वाजवलं. जगातली सगळ्यात मोठी मैदानं भरवणारी माणसं, समोर एका खोलीत मावतील इतके लोक.

त्या दोन टेपा अधिकृतपणे बाहेर आल्या २०१५ मध्ये, 'कोडा'च्या वाढीव आवृत्तीत. वादकांच्या जागी लिहिलंय 'बॉम्बे ऑर्केस्ट्रा'. शहराचं नाव बदलून वीस वर्षं झाली होती.

११

'स्लिप डिस्क'मध्ये तेव्हा हजर होतो असं सांगणारी माणसं आजवर इतकी भेटलीत, की तो क्लब ब्रेबॉर्न स्टेडियमएवढा असला पाहिजे.

१२

बीटल्स, 'सार्जंट पेपर', १९६७. मुखपृष्ठावर नामवंतांची गर्दी. त्यात गांधीजींचं कटआउट होतं, फोटोही काढून झाला होता. ईएमआयचे अध्यक्ष सर जोसेफ लॉकवुड यांनी हरकत घेतली: भारतात लोक दुखावतील, तिथली विक्री अडेल. गांधीजींच्या जागी झाड रंगवलं. हॅरिसनने सुचवलेले चार योगी (युक्तेश्वर, महावतार बाबाजी, योगानंद, लाहिरी महाशय) तसेच राहिले.

लॉकवुडसाहेबांना आपण चांगले ओळखत होतो की वाईट, ठरवता येत नाही.

१३

रोलिंग स्टोन्स, 'स्टिकी फिंगर्स', एप्रिल १९७१. कल्पना अँडी वॉरहॉलची. कव्हरवर जीन्स, आणि त्या जीन्सला खरीखुरी चेन. उघडणारी, लागणारी. खोक्यात गठ्ठ्याने रचल्यावर ती चेन शेजारच्या तबकडीत रुतू लागली. नेमकं एकाच गाण्यावर, 'सिस्टर मॉर्फीन'वर, पोचा पडायचा. उपाय असा निघाला की माल रवाना करण्यापूर्वी प्रत्येक चेन अर्धी खाली ओढायची. मग पोचा मधल्या कागदी लेबलवर पडतो, गाणं वाचतं.

अशी कव्हरं हातात घेऊन एकेक चेन ओढत बसलेल्या कामगारांचा कुठे फोटो असेल तर मला बघायचाय.

स्पेनमध्ये फ्रँकोच्या राजवटीने जीन्सचं कव्हर नाकारलं. तिकडे त्याऐवजी डबा छापला, आत पाकातली बोटं. ते चाललं.

१४

न्यू ऑर्डर, 'ब्लू मंडे', मार्च १९८३. कव्हर फ्लॉपी डिस्कसारखं, त्याला तशीच भोकं कापलेली. छपाई आणि कापाईचा खर्च इतका, की दर प्रतीमागे तोटा, असं फॅक्टरी रेकॉर्ड्सची मंडळी सांगत आली. खपणार नाही, मग कशाला काळजी, असा हिशेब असावा. बारा इंची सिंगलमध्ये ब्रिटनमध्ये इतका खप दुसऱ्या कशाचाच झाला नाही.

१५

'किस' या बँडच्या चौघांनी १८ सप्टेंबर १९७८ या एकाच दिवशी चार स्वतंत्र अल्बम काढले. एकत्र कुटुंबात वाटण्या झाल्या तरी मुहूर्त एकच.

१६

नॅपाम डेथ, 'यू सफर'. लांबी १.३१६ सेकंद. गिनेसच्या पुस्तकात नोंद आहे.

१७

जेथ्रो टल, 'थिक अ‍ॅज अ ब्रिक', १९७२. अख्ख्या अल्बमात एकच गाणं, तबकडी उलटायला मध्येच उठावं लागतं. कव्हर म्हणजे गावातलं बारा पानी वर्तमानपत्र, बातम्या-जाहिरातींसकट, सगळं खोटं. गाणं रचण्यापेक्षा हा पेपर काढायला जास्त वेळ गेला असं बँडवालेच सांगतात. वृत्तपत्रात काम केलेल्या कुणालाही हे पटेल.

१८

१९६० च्या दशकात बीटल्स आणि स्टोन्स एकमेकांशी बोलून घ्यायचे: या आठवड्यात तुमचं सिंगल येतंय का? मग आम्ही थांबतो.

१४ ऑगस्ट १९९५ ला ब्लर आणि ओअ‍ॅसिस यांनी मुद्दाम एकाच दिवशी सिंगल काढली. बीबीसीच्या रात्रीच्या बातम्यांत विषय झाला. दक्षिण विरुद्ध उत्तर, कॉलेज विरुद्ध कारखाना, असे गट पडले. ब्लरने एकाच गाण्याच्या दोन वेगवेगळ्या सीडी काढल्या होत्या. निष्ठावंतांना दोन्ही घेणं भाग. निकाल: ब्लर २,७४,०००, ओअ‍ॅसिस २,१६,०००. पुढच्या ऑक्टोबरात ओअ‍ॅसिसचा अल्बम आला आणि त्याने ब्लरला कुठच्या कुठे मागे टाकलं.

दोन्ही सिंगल त्या त्या बँडच्या सुमार गाण्यांपैकी. भांडण मात्र अव्वल.

१९

शिवोली, गोवा, १९८४. रेमो फर्नांडिसने घरातच चार ट्रॅकच्या यंत्रावर 'गोवन क्रेझी' रेकॉर्ड केला. गिटार तोच, बासरी तोच, ढोल तोच, आवाजावर आवाज चढवणारा तोच. कव्हरही त्याचंच. मुंबईच्या कंपन्यांना रस नव्हता. मग स्कूटरवर कॅसेटी लादून गोवाभर दुकानोदुकानी फिरला. रचना, निर्मिती, वितरण, वसुली: एक माणूस.

हल्ली याला 'इंडिपेंडंट आर्टिस्ट' म्हणतात आणि त्यावर परिसंवाद होतात. परिसंवादात स्कूटरचा उल्लेख असायला हवा. दुकानदार पैसे पुढच्या खेपेला देतो म्हणाला की पुढची खेप मारावीच लागते, आणि ती खेप मारणाऱ्याला आपली गाणी कुठे वाजतात आणि कुठे धूळ खातात हे कुठल्याही आलेखाशिवाय कळतं. दोन वर्षांनी त्याचा 'पॅक दॅट स्मॅक' आला. अमली पदार्थांविरुद्धची गाणी, आणि तीही ऐन हिप्पींच्या किनाऱ्यावरून. तोवर मुंबईला रस आला होता.

२०

१९७० आणि १९७१ मध्ये 'सिमला बीट' नावाच्या दोन एलपी निघाल्या. देशभरातल्या कॉलेजवयीन बँडांची स्पर्धा, त्यातली निवडक गाणी. प्रायोजक सिमला सिगारेट. आज परदेशी संग्राहक या तबकड्यांसाठी वाटेल ती किंमत मोजतात. सिगारेट कुणाला आठवत नाही.

२१

मार्च १९८०, धोबी तलावचं रंगभवन. 'द पोलिस' हा बँड मुंबईत. आयोजक 'टाइम अँड टॅलेंट्स क्लब', बहुतांशी पारशी बायकांची समाजसेवी संस्था. तिकिटांचे पैसे सत्कार्याला. त्या बँडमधल्या स्टिंगने आयुष्यात पुढे पर्जन्यवनांसाठी बरंच काही केलं. सुरुवात पारशी बायकांनी करून दिली म्हणायला हरकत नाही.

रंगभवन पुढे शांतता क्षेत्राच्या नियमाने मिटलं.

२२

पाचगणीचं सेंट पीटर्स. १९५८ च्या सुमाराला तिथल्या पोरांनी बँड काढला, नाव 'द हेक्टिक्स'. पियानोवर फारुख बलसारा. एकही रेकॉर्ड नाही.

हाच पुढे फ्रेडी मर्क्युरी. ३१ ऑक्टोबर १९७५ ला क्वीनचं 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' आलं. लांबी ५ मिनिटं ५५ सेकंद. कंपनीचं म्हणणं, एवढं लांब गाणं रेडिओवर कुणी लावणार नाही. केनी एव्हरेट या निवेदकाने शनिवार-रविवारात चौदा वेळा लावलं. नऊ आठवडे पहिला क्रमांक. १९९१ मध्ये फ्रेडी गेल्यावर पुन्हा पाच आठवडे.

पाचगणीला स्ट्रॉबेरी, टेबल लँड, घोडे. गाडीवाले सगळं दाखवतात. शाळेचं फाटक बाहेरून पाहायचं असेल तर स्वतःच सांगावं लागतं.

२३

रेडिओहेड, 'इन रेनबोज', १० ऑक्टोबर २००७. दहा दिवस आधी घोषणा, कंपनी नाही, फक्त डाउनलोड. किमतीच्या जागी रिकामा चौकोन: तुम्हाला वाटेल ते भरा, शून्यही चालेल. दोन महिने असा मिळालेला अल्बम वर्ष संपता संपता सीडीवर आला आणि ब्रिटन-अमेरिका दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर गेला.

यू-टू, 'साँग्ज ऑफ इनोसन्स', ९ सप्टेंबर २०१४. पन्नास कोटी आयट्यून्स खात्यांत एका रात्रीत आपसूक जमा. लोक खवळले. अ‍ॅपलला आठवड्याभरात अल्बम काढून टाकायचं खास बटण द्यावं लागलं. बँडच्या बोनोने माफी मागितली.

एकाने किंमत विचारली. दुसऱ्याने काहीच विचारलं नाही.

२४

माय ब्लडी व्हॅलेंटाइन. एक अल्बम नोव्हेंबर १९९१, पुढचा २ फेब्रुवारी २०१३. शनिवारी रात्री बँडच्या वेबसाइटवर टाकला. वेबसाइट बसली. हा आता प्रकाशन समारंभाचाच भाग समजावा. पूर्वी फीत कापायचे.

२५

इंडियन ओशन, दिल्ली. करोलबागेतल्या एका जुन्या बंगल्यात त्यांची तालीम चालायची. बंगला सुटला तेव्हा पत्त्याचंच नाव अल्बमला दिलं: '१६/३३० खजूर रोड'. २०१० च्या जुलैपासून सात गाणी, महिन्याला एक, वेबसाइटवर फुकट. तबला वाजवता वाजवता गाणारा अशीम चक्रवर्ती डिसेंबर २००९ मध्ये गेला होता. गाणी त्याआधीच रेकॉर्ड झालेली. म्हणून बँड शोक करत असताना त्याचा नवा आवाज दर महिन्याला येत राहिला.

त्यांच्या जुन्या 'कंदिसा'त केरळच्या ख्रिश्चनांची सुरियानी प्रार्थना आहे, आणि नर्मदेचं एक गाणं. ते गाणं बेसवादक राहुल राम यांनी खोऱ्यातच ऐकलं. धरणाविरुद्धच्या आंदोलनात ते काही वर्षं काम करत होते. या गाण्यावर कॉलेजच्या संमेलनांत पोरं बेभान नाचतात. नाचू द्यावं. नदीची आरती आहे, नाचायला हरकत नाही. पण धडगावच्या बाजूला ज्यांची घरं पाण्याखाली गेली त्यांनी ती कुठल्या तालावर म्हटली होती, हे एकदा ऐकायला हवं.

२६

कॉर्नरशॉप, 'ब्रिमफुल ऑफ आशा', १९९७. इंग्लंडातल्या पंजाबी मुलाने सांगलीत जन्मलेल्या पार्श्वगायिकेवर केलेलं गाणं. आलं तेव्हा ब्रिटिश यादीत साठावा क्रमांक. मग फॅटबॉय स्लिमने ते वेगात पळवलं. फेब्रुवारी १९९८: पहिला क्रमांक. लाखो इंग्रज पोरं आशाबाईंच्या नावाने नाचली. ही आशा कोण, हे त्यातल्या फार थोड्यांना ठाऊक होतं.

मूळ संथ गाणंच चांगलं. हे मत साठाव्या क्रमांकाचं आहे, ठाऊक आहे.

२७

गोरिलाझ हा बँड व्यंगचित्रांतला. चार काल्पनिक वादक. मागे ब्लरचा डेमन अल्बार्न. सप्टेंबर २०२५ मध्ये त्यांनी 'द माउंटन' या अल्बमची घोषणा केली. मुखपृष्ठावर देवनागरीत 'पर्वत', पाहुण्यांच्या यादीत आशा भोसले. तेव्हा बाई ९२ वर्षांच्या.

ओअ‍ॅसिसकडे याला उत्तर नाही.

२८

बीटल्स, 'व्हाइट अल्बम', १९६८. पांढरंफटक कव्हर, प्रत्येक प्रतीवर छापलेला क्रमांक. ००००००१ नंबरची प्रत ड्रमवाल्या रिंगोने ठेवून घेतली होती. २०१५ मध्ये लिलावात ७,९०,००० डॉलर आले. आतलं संगीत सगळ्या प्रतींत सारखंच.

२९

'नाउ अँड देन', २ नोव्हेंबर २०२३. लेननने घरी पियानोवर टेप केलेलं गाणं. १९९५ मध्ये उरलेल्या तिघांनी प्रयत्न केला. पियानोतून आवाज वेगळा निघेना, सोडून दिलं. हॅरिसन २००१ मध्ये गेला. पुढे पीटर जॅक्सनच्या मंडळींनी संगणकाकडून आवाज सोडवून घेतला. त्यावर हॅरिसनची १९९५ ची गिटार, आणि मॅकार्टनी व रिंगो आजचे. ब्रिटनमध्ये पहिला क्रमांक, १९६९ नंतर प्रथमच.

गाणं कॅसेटवरही काढलं. मुळात कॅसेटवरच होतं.

३०

कोल्डप्ले, 'मून म्युझिक', ऑक्टोबर २०२४. एलपी पाण्याच्या जुन्या बाटल्या वितळवून केलेली. एका प्रतीला नऊ बाटल्या. पुढच्या जानेवारीत नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर त्यांचे तीन कार्यक्रम झाले. तीन रात्रींत स्टेडियमबाहेर किती तबकड्यांचा कच्चा माल पडला असेल, हे गणित नवी मुंबई महापालिकेने करावं.

३१

किंग गिझर्ड अँड द लिझर्ड विझर्ड, मेलबर्न. २०१७ या एका वर्षात पाच अल्बम. त्यातला चौथा, 'पॉलिगोंडवानालँड', नोव्हेंबरात फुकट सोडला. नुसता ऐकायला नाही: मूळ ध्वनिफिती, कव्हरची चित्रं, सगळं देऊन टाकलं. ज्याला हवं त्याने तबकडी छापावी, विकावी, पैसे ठेवून घ्यावेत. जगभरातल्या छोट्या-मोठ्या कंपन्यांनी आपापल्या आवृत्त्या काढल्या. रंग वेगळे, कागद वेगळा, काही ठिकाणी कव्हरही नव्याने काढलेलं.

पुण्यात कुणी छापला असेल तर सांगा. पैसे देऊन घेईन.